‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती विश्वासाचे स्वरूप

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाला मराठी आत्मचरित्रवाङ्मयात जे अग्रस्थान मिळाले आहे, त्याविषयी टीकाकारांत फारसा मतभेद नाही. १९३४ पासून क्रमशः भागांनी प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या प्रांजळपणाची, निर्विष विनोदाची आणि घरगुती भाषेची प्रशंसा झाली. ती यथार्थच आहे. परंतु या प्रशंसेचा एक परिणाम असा झाला की, ग्रंथाचा जो मूळ विषय तो केवळ पार्श्वभूमी म्हणून गणला जाऊ लागला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे धर्मांतर ही या आत्मचरित्रातील एक मोठी घटना, त्या घटनेने संसारावर आलेले संकट हा त्यातील करुणरस आणि टिळकांचा विक्षिप्तपणा हा त्यातील हास्यरस, अशी विभागणी करून अभ्यासक मोकळे होतात. ख्रिस्ती मनुष्य देवावर विश्वास ठेवतो म्हणजे नेमके काय करतो, आणि त्या विश्वासाची किंमत कोण देतो, हा प्रश्न या ग्रंथात पहिल्या भागापासून विचारला गेला आहे. तो शास्त्रार्थाच्या भाषेत विचारलेला नसल्यामुळे दृष्टीआड राहिला, एवढेच.

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी काही शब्दांचा विचार करणे प्राप्त आहे. ग्रीक नव्या करारातील ‘पिस्तिस’ या एकाच शब्दात दोन अर्थ नांदतात. एक, सांगितलेली गोष्ट सत्य आहे असे मान्य करणे; दुसरा, सांगणाऱ्यावर आपला भार टाकणे. पहिल्या अर्थाला बुद्धीची संमती पुरते. दुसऱ्याला सर्व आयुष्य लागते. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा भेद अत्यंत कठोरपणे दाखविला आहे: देव एक आहे हे भुतांनाही मान्य असते, पण ती मान्यता त्यांना भीतीने थरथर कापण्यापलीकडे कोठे नेत नाही. पहिल्या अर्थाने भुतेही विश्वासी ठरतात.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने या ‘पिस्तिस’साठी निरनिराळ्या काळी निरनिराळे शब्द योजले. १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी ‘भावार्थ’ हा शब्द स्वीकारला, आणि गोमंतकातील कॅथलिक समाजाच्या कोंकणीत तो आजही त्याच अर्थाने जिवंत आहे. संतवाङ्मयातील ‘भावा’शी त्याचे नाते उघड आहे, त्यात अंतःकरणाचा ओलावा आहे, तर्काची कसोटी नाही. पुढे प्रॉटेस्टंट मिशनांनी ‘विश्वास’ हा शब्द रूढ केला आणि तो मराठी पवित्र शास्त्रामुळे स्थिरावला. ‘विश्वास’ हा व्यवहारातील शब्द आहे. सावकार कुळावर विश्वास ठेवतो, मालक कारकुनावर ठेवतो. ‘ठेवणे’ या क्रियापदातच ठेवीची कल्पना दडलेली आहे, आणि ठेव म्हटली की ती बुडण्याचा संभवही आला.

या दोहोंखेरीज एक तिसरा शब्द मराठी माणसाच्या तोंडी आहे, ज्याला धर्मग्रंथांत स्थान मिळाले नाही, पण प्रस्तुत विषयासाठी तो फार महत्त्वाचा आहे: देवावर ‘हवाला’ ठेवणे. हा मूळचा पेढीवरचा शब्द. आपले देणे दुसऱ्याच्या नावे फिरवून त्याने ते भागवावे अशी तजवीज करणे म्हणजे हवाला देणे. देवावर हवाला ठेवणारा मनुष्य आपली चिंता देवाच्या खाती वळवितो. आता प्रत्यक्षात ती रक्कम कोण भरतो? देव भरतो असे भक्त म्हणतो. पण देवाची भरपाई पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या मनुष्याच्या हातून होते, आणि ते मनुष्य बहुधा त्याच घरात राहत असते. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ त्या दुसऱ्या मनुष्याने लिहिला आहे.

मराठीत ख्रिस्ती विश्वासाची आत्मचरित्रात्मक मांडणी लक्ष्मीबाईंच्या आधी झालेली होती. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे तिचे एक टोक. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या विद्वानाने आपल्या मनाचा प्रवास हा मुख्यतः शोधाचा आणि तुलनेचा प्रवास म्हणून सांगितला आहे. ग्रंथ वाचले, परमहंस मंडळीत वावर झाला, मतांची पारख केली, आणि शेवटी जे सत्य ठरले ते स्वीकारले. हा विश्वासाचा पहिला अर्थ. तो प्रामाणिक आहे, पण वाङ्मयदृष्ट्या त्यात वाद अधिक आणि जीवन कमी.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्टपणे नमूद केले की, त्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. धर्मांतर केलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बाप्तिस्म्याविषयी इतका परखड निर्वाळा द्यावा, हे विरळा. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा जो दीर्घ पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्यासारख्या सिद्धांतांवरून वारंवार खटके उडाले आहेत. आधी समजल्याशिवाय मानावयाचे नाही हा त्यांचा आग्रह होता. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात मात्र त्याच रमाबाई ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा आदर्श पुढे ठेवून केवळ प्रार्थनेच्या बळावर शेकडो अनाथ स्त्रियांचा भार वाहताना दिसतात. दुष्काळाच्या वर्षांनंतर ही संख्या २,००० च्या आसपास गेली होती. येथे विश्वासाचा दुसरा अर्थ सिद्ध झाला. तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही: रमाबाईंनी केडगावात विहिरी खणविल्या, शेती केली, छापखाना चालविला. म्युलरही दरवर्षी आलेल्या पैचा हिशेब प्रसिद्ध करीत असे. म्हणजे ज्यांनी देवावर हवाला ठेवला, त्यांनी वहीही ठेवली होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्या हाती होती.

टिळकांच्या घरी ही वही टिळकांच्या हाती नव्हती.

टिळकांचा विश्वास हा मराठी ख्रिस्ती काव्याचा प्राण आहे, याविषयी शंका नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. १९१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणी आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. त्यांच्या अभंगांतील ख्रिस्त हा न्यायाधीश नाही. तो माउली आहे, गुरू आहे, सखा आहे. अशा ख्रिस्तावर भार टाकणे हे लेकराने आईच्या खांद्यावर मान टाकण्याइतके सहज. लेकरू उद्याची तरतूद करीत नाही. टिळकही करीत नसत, आणि न करण्यात त्यांना धर्म वाटत असे. काव्याच्या पातळीवर ही भूमिका निर्दोष आहे. घराच्या पातळीवर तिचे काय होते, हे काव्यातून कळण्याचा संभव नाही, कारण अभंगात एकच ‘मी’ असतो.

‘स्मृतिचित्रे’त दोन माणसे आहेत, आणि बोलणारे माणूस दुसरे आहे. टिळक हाती आलेला पैसा पाहता पाहता दुसऱ्याच्या हाती देतात, येईल त्याला घरात ठेवून घेतात, मनात येताच न सांगता गावोगाव निघून जातात, क्षणात संतापतात आणि क्षणात विरघळतात. हे सारे लक्ष्मीबाई सांगतात तेव्हा वाचक हसतो. पण त्या प्रत्येक प्रसंगी स्वयंपाकघरात काय शिल्लक आहे, हेही त्या सांगतात. विनोद उत्पन्न होतो तो या दोन नोंदी शेजारी शेजारी मांडल्यामुळे. टीकाकारांनी याला विनोदबुद्धी म्हटले, ती आहेच. परंतु तिचे कार्य केवळ रंजनाचे नसून तपासणीचे आहे. उदार मनुष्याचे औदार्य खरे की खोटे हे लक्ष्मीबाई विचारत नाहीत. ते खरे आहे हे त्यांना ठाऊक आहे. ते कोणाच्या पदरचे होते, एवढेच त्या दाखवितात.

मराठी परंपरेत ही परिस्थिती नवी नाही. तुकोबाने उसाची मोळी वाटेतल्या पोरांना वाटून टाकावी, एकच ऊस घेऊन घरी यावे, आणि बायकोने तोच ऊस त्याच्या पाठीवर मोडावा, ही आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाच्या कानी पडलेली असते. १७६२ च्या ‘भक्तविजया’पासून संतचरित्रांनी अशा भार्येला एक ठराविक स्थान दिले: ती प्रपंचाची बाजू, म्हणून अज्ञानाची बाजू; तिच्या तक्रारीने संताचे वैराग्य अधिक झळाळावे, एवढ्यासाठी तिचे प्रयोजन. ऊस मोडला हे कीर्तनकार रंगवून सांगतो, पण त्या दिवशी चूल पेटली की नाही हे सांगत नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे जिजाईने लिहिलेले संतचरित्र आहे, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही. विशेष हे की, ते लिहिताना तिने संताला खाली ओढलेले नाही आणि स्वतःलाही वर चढविलेले नाही. आपला त्रागा, आपली अडाणी भीती, आपले रुसणे हे लक्ष्मीबाईंनी टिळकांच्या दोषांइतक्याच मोकळेपणी नोंदविले आहे. एका हाताने मोजणाऱ्या माणसाने मापात पाप केलेले नाही, हा विश्वास वाचकाला वाटतो तो याच कारणामुळे.

ख्रिस्ती परंपरेतही या प्रश्नाला मोठी वंशावळ आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांची जी मालिका आहे, तीत अब्राहामाला मानाचे स्थान आहे. देवाच्या शब्दावर तो पुत्राचे बलिदान करण्यास निघाला. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात हा प्रसंग येतो. त्यात सारेचे नाव नाही. पहाटे उठून नवरा मुलाला घेऊन कोठे गेला, हे तिला सांगितले होते काय? १८४३ मध्ये कीर्केगार्दने अब्राहामाच्या विश्वासाचा जो विलक्षण विचार केला, त्यात त्याने हे मौन समर्थनीय आहे काय, असा प्रश्न स्वतंत्रपणे उपस्थित केला. पण त्याचेही सारे लक्ष अब्राहामाच्या एकाकीपणावर खिळलेले आहे, सारेच्या नव्हे. ईश्वराशी ज्याचा साक्षात व्यवहार चालू आहे त्याचे एकाकीपण भव्य असते. ज्याला त्या व्यवहाराची वार्ता नंतर लागते त्याच्या एकाकीपणाला तत्त्वज्ञानात नाव नाही.

१८९५ चा निर्णय हा या अर्थाने ‘स्मृतिचित्रे’चा गाभा आहे. तो लक्ष्मीबाईंच्या संमतीने झालेला नव्हता. पदरी लहान मुलगा, भोवती नातलगांचा शोक आणि लोकनिंदा, नवरा जिवंत असून अंतरलेला, अशा अवस्थेत त्यांची पुढील काही वर्षे गेली. एका मनुष्याने ख्रिस्तावर विश्वास ठेवला, त्याच क्षणी दुसऱ्या मनुष्याचा त्या मनुष्यावरचा विश्वास हादरला. हा पेच धर्मशास्त्राने सोडविलेला नाही. लक्ष्मीबाईंनीही तो सोडविल्याचा आव आणलेला नाही. आपण ख्रिस्ती होऊन, टिळकांना गुरुस्थानी मानून, त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी लिहीत असतानाही त्या काळातील दुःख त्यांनी नंतरच्या श्रद्धेने पुसून काढले नाही. पुढे सारे कल्याणच झाले, तेव्हा आधीचे दुःख हा ईश्वरी योजनेचा भाग होता, असे म्हणणे त्यांना सहज शक्य होते. साक्षवाङ्मयाचा तो ठरलेला शिरस्ताच आहे. त्यांनी तो पाळला नाही. ख्रिस्ती साक्षीच्या प्रकारात या ग्रंथाचे जे वेगळेपण आहे, ते भाषेच्या साधेपणापेक्षा या संयमात अधिक आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. लक्ष्मीबाईंची ही दृष्टी ख्रिस्ती म्हणावी कशावरून? पाप, प्रायश्चित्त, वधस्तंभ, पुनरुत्थान या सिद्धांतांची चर्चा ग्रंथात जवळजवळ नाही. मग हे एका सोशिक, विनोदी, व्यवहारचतुर मराठी गृहिणीचे आत्मकथन होय, त्याला ख्रिस्ती विश्वासाची मीमांसा म्हणणे म्हणजे टीकाकाराने आपल्या पदरचे घालणे होय. आक्षेप वजनदार आहे, आणि सिद्धांताविषयीचा त्यातील भाग मान्यच केला पाहिजे. तथापि लक्ष्मीबाईंचे स्वतःचे परिवर्तन ज्या क्रमाने झाले तो क्रम पाहता आक्षेपाचा उरलेला भाग टिकत नाही. टिळकांजवळ राहावयास आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. वडिलांच्या घरच्या कडक सोवळ्याचा जाच भोगलेल्या या बाईने ते आपण होऊन सांभाळावे, यात स्वभावापेक्षा भीती अधिक होती. ते सुटले ते नवऱ्याच्या उपदेशाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी घातला, आणि देवाने केली असती तर ती पशुपक्ष्यांतल्या भेदासारखी डोळ्यांना दिसली असती, अशा स्वरूपाच्या साध्या विचाराने त्या तिच्यातून बाहेर पडल्या. जात आधी गेली; बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये, राहुरीस झाला.

हा क्रम पदमनजींच्या क्रमाच्या उलट आणि टिळकांच्या क्रमाहूनही निराळा आहे. पदमनजींना सत्य सापडले, म्हणून जीवन बदलले. टिळकांना ख्रिस्त भेटला, म्हणून सर्व सोडले. लक्ष्मीबाईंनी आधी माणसाच्या हातचे पाणी प्याले, नंतर देवावर भार टाकला. दुष्काळात आणि रोगराईत अनाथांची जी सेवा या घराने केली, तिची हकीकत सांगताना त्या विश्वासाचे नावही फारसे घेत नाहीत. पोरांना काय खाऊ घातले आणि कोण आजारी पडले हे सांगतात. याकोबाच्या ज्या अध्यायाचा वर उल्लेख केला, त्यातच उघड्या आणि उपाशी मनुष्याला नुसता आशीर्वाद देऊन वाटेस लावणाऱ्या विश्वासाला मृत म्हटले आहे. त्या अध्यायाचे भाष्य म्हणून ‘स्मृतिचित्रे’तील राहुरी-नगरची प्रकरणे वाचता येतात. किंबहुना तसे वाचल्यावाचून त्या प्रकरणांचे औचित्यच कळत नाही. ती केवळ गमतीदार प्रसंगांची माळ वाटू लागतात.

टिळकांवर मात्र यात अन्याय होऊ नये. ज्याने उद्याची चिंता केली नाही त्याच्याच घरात अनाथ मुले येऊ शकली. पेटीला कुलूप लावणाऱ्या सज्जनाच्या दारात ती उभीही राहिली नसती. नवऱ्याचा हवाला बायकोने भरला हे खरे; पण हवालाच काढला गेला नसता, तर भरण्याचा प्रसंगही आला नसता, आणि लक्ष्मीबाईंना आपल्या अंगचे ते सामर्थ्य कधी कळले नसते. ही जाणीव ग्रंथात आहे. म्हणूनच टिळकांविषयीच्या त्यांच्या तक्रारीला कडवटपणाचा स्पर्श होत नाही. १९१७ मध्ये टिळकांनी नियमित वेतनावर पाणी सोडले, तो निर्णय बाह्यतः १८९५ च्या निर्णयासारखाच होता; पण मधल्या काळात हिशेब ठेवणारी व्यक्ती बदलली होती. तिला ख्रिस्ती होऊन सतरा वर्षे झाली होती, आणि देवावर भार टाकणे म्हणजे काय याविषयी तिला आता कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

ग्रंथाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका सकस नाही, हेही नमूद केले पाहिजे. टिळकांच्या पश्चातचा भाग विस्कळित आहे. तो पुरा होण्यापूर्वीच १९३६ मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या आणि त्याची पूर्तता त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी केली. पूर्वार्धाला जो ताण होता तो दोन माणसांमधला होता. त्यांतील एक गेल्यावर लेखणी सैल पडणे स्वाभाविक होते.

तरी या शेवटच्या वर्षांतील एक गोष्ट प्रस्तुत विषयाला सोडून नाही. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र गाणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते आणि थोडे अध्याय रचून ते अपुरे ठेविले होते. लग्नानंतर नवऱ्याकडून जे काही लिहिणे-वाचणे मिळाले तेवढ्याच शिदोरीवर लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालविले. १९३८ मध्ये छापून निघालेल्या या काव्याचे बहुतांश अध्याय त्यांचे आहेत. काव्य म्हणून त्यांची योग्यता ‘स्मृतिचित्रे’च्या गद्याहून उणी आहे, कारण येथे कथा आधीच ठरलेली आणि भाव आधीच मान्य केलेला आहे. टिळकांनी मागे ठेवलेल्या देण्यांपैकी हे एक. मात्र हे त्यांच्यावर कोणी टाकलेले नव्हते. त्यांनी ते आपण होऊन आपल्या नावे लिहून घेतले.